वस्तऱ्याची धार हजाराच्या दगडावरच ठरते

वस्तरा ओढतो अशी तक्रार घेऊन माझ्याकडे जे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत बारा हजार ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक) महागडा दगड असतो आणि हजाराचा नसतो. व्हिडिओ बघून शेवटची पायरी आधी विकत घेतलेली असते. मी चहा टाकतो आणि विचारतो, बेव्हल (धारेला येऊन मिळणारे दोन्ही बाजूंचे उतार) कुणी बसवला? मग ते माझ्याकडे बघतात. सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

माझी नोकरी टूलरूममधली. चिंचवडच्या एका कारखान्यात टूल अँड कटर ग्राइंडरवर रीमर, मिलिंग कटर, ब्रोच यांना धार लावण्यात हयात गेली, वस्तऱ्याचा नाद त्यातूनच लागला. नाभिकाचा हात मला नाही, दुसऱ्याची दाढी मी करत नाही. पण पोलादाचे दोन उतार एका रेषेत कसे मिळवायचे ते कळतं, आणि वस्तऱ्यात एवढंच असतं. दोन्ही बाजूंचे उतार टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या भागापासून, टोकापर्यंत एकमेकांना भिडले पाहिजेत. ते भिडलेच नसतील तर पुढचा दगड कितीही बारीक घ्या, बिनधारेच्या कडेला नुसती चकाकी येते.

आधी वस्तरा बघून घ्या

नवा शोभेचा स्वस्त वस्तरा घेऊ नका. त्याचं पोलाद मऊ असतं आणि पातं बहुधा पिळलेलं. त्यापेक्षा जुना बरा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार धुंडाळला तर अधूनमधून इंग्लंडमधल्या शेफिल्डचा किंवा सोलिंगनचा माल दिसतो. सोलिंगन हे जर्मनीतलं पात्यांचं गाव. ते नाव वापरायला १९३८ पासून कायद्यानं बंधन आहे, महत्त्वाचं काम तिथं झालेलं असेल तरच ते पात्यावर कोरता येतं. अर्थात बनावट शिक्का मारणाऱ्याला कायदा आडवा येत नाही, त्यामुळे शिक्क्यापेक्षा पातं बघा.

पात्यावर नख हलकेच आपटून ऐका आणि उजेडासमोर धरून केसासारखी चीर दिसते का ते पाहा. चीर असेल तर पैसे खिशातच ठेवा. तांबेरा वरवरचा चालतो, पण धारेपाशी काळे खड्डे पडले असतील तर पोलाद आतून खाल्लेलं असतं. मग पातं काचेवर सपाट ठेवा. पाठ आणि धार दोन्ही काचेला टेकल्या पाहिजेत. कोपरा दाबल्यावर डुगडुगलं तर ते पिळलेलं आहे. धारेची रेघ सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालते. मधे आत गेलेली म्हणजे आधीच्या मालकानं चुकीचं घासलं आहे, ती दुरुस्त होते पण अर्धा दिवस जातो.

जुन्या वस्तऱ्यावर आधी कुणाचं रक्त लागलं असेल ते सांगता येत नाही. साबण-पाण्यानं घासून धुवा, मग स्पिरिटनं पुसा. सलूनमध्ये आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो आणि गिऱ्हाईक बदललं की पातं बदलतं, ते हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या भीतीनं, आणि ते योग्यच आहे. धार लावायचा वस्तरा एकाच माणसाचा. सख्ख्या भावालाही द्यायचा नाही.

आणखी एक. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला विळी द्या, कात्री द्या, वस्तरा देऊ नका. त्याचा हात वाईट नसतो, पण वस्तऱ्याची कड कागदाइतकी पातळ. चाकाला लागली की क्षणात तापते. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास पिवळसर होतं, तीनशेला निळं. निळं झालं की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, मग तिथं धार धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला दुतर्फी कार्बोरंडमचा दगडही यासाठी फार खरबरीत आहे. तो कोयत्याला ठेवा.

कोन वस्तऱ्यातच असतो

सुरीला धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागतो, वस्तऱ्यात ती कटकट नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून ठेवली की कोन आपोआप येतो. माझ्याकडच्या एका वस्तऱ्याची पाठ व्हर्नियरवर ४.८ मिलिमीटर जाड भरते आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १७ मिलिमीटर. म्हणजे एकूण कोन सोळा अंशांच्या किंचित वर. बहुतेक चांगले वस्तरे सोळा-सतराच्या घरात असतात.

पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावतात. पट्टीचा एक थर साधारण ०.१५ मिलिमीटर धरला, तर दोन्ही बाजू मिळून वरच्या वस्तऱ्याचा कोन अंशभर वाढतो. त्यानं बिघडत नाही, फक्त एकदा पट्टी लावली की प्रत्येक दगडावर आणि पुढच्या वेळीही पट्टी लावूनच घासायचं. नाहीतर तुम्ही एक कोन बनवाल आणि दुसऱ्याच कोनावर पॉलिश कराल. पाठीवर नक्षी किंवा सोन्याचं पाणी असेल तर मी पट्टी लावतो, साध्या वस्तऱ्याला नाही. पट्टी फाटेपर्यंत वाट बघू नका, दगड बदलला की पट्टी बदला.

दगड सपाट हवा

दगड तीन पुरतात: १०००, ४००० किंवा ५०००, आणि ८०००. जपानी मापानं हजाराचा कण ढोबळमानानं बारा ते पंधरा मायक्रॉनचा, आठ हजाराचा सव्वा-दीडचा. आठ हजारावर नीट काम झालं तर त्या धारेनं दाढी होते. बारा हजाराचा दगड ही चैन आहे. असेल तर वापरा, नसेल तर अडत नाही. बेल्जियमच्या आर्देनमधला पिवळा कोटिक्यूल, ज्यात गार्नेटचे बारीक कण असतात, किंवा क्योटोच्या आसपासचे नैसर्गिक दगड यांच्यावर लोक जीव टाकतात. टाकू द्या. पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नका.

दगड नवा असला तरी सपाट आहे असं गृहीत धरू नका. त्याच्यावर पेन्सिलनं चौकटी आखा. सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या काचेवर ४०० नंबरचा काळा वॉटर पेपर ओला करून चिकटवा आणि दगड त्यावर आठाच्या आकड्यात फिरवा. पेन्सिल सगळीकडून पुसली गेली की दगड सपाट. मधली रेघ राहिली तर मधे खड्डा आहे, पुन्हा आखा, पुन्हा घासा. डायमंड प्लेट असेल तर काम दोन मिनिटांचं. दगडाच्या कडाही गोल करून घ्या, दगडाचा तीक्ष्ण कोपरा पात्याला खरवडतो. हे मी दर खेपेला काम सुरू करण्याआधी करतो.

हजारावरचं काम

इथं वेळ घालवा.

बेव्हलच्या दोन्ही बाजूंना काळ्या मार्करनं शाई लावा. दगडावर पाणी घ्या. वस्तरा मुठीत नाही, मानेला धरायचा, म्हणजे पातं संपून मूठ सुरू होते तिथं, अंगठा आणि दोन बोटांत. पातं सपाट ठेवा, पाठ टेकलेली, धार टेकलेली. आता धार पुढे ठेवून, दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा असल्यासारखं पुढे सरकवा. पातं सुमारे तीन इंच लांब आणि दगड त्याहून अरुंद, म्हणून सरळ न जाता तिरपं ओढायचं: सुरुवातीला टाच दगडावर, शेवटी टोक. टोकाला पोचलात की पातं उचलून नाही, पाठीवर उलटायचं, आणि परत. पाठ दगडावरून सुटता कामा नये.

चार-पाच हात मारले की शाई बघा. धारेच्या अगदी कडेपर्यंत शाई गेली असेल तर दगड धारेला लागतोय. कडेला काळी रेघ शिल्लक असेल तर तुम्ही अजून खांद्यावरच, म्हणजे उताराच्या वरच्या भागावरच, घासताय, धार अस्पर्श आहे. हे निदान एकदा केलं की मग बुद्धी लढवायची गरज नाही, घासायचं.

जुनं पातं असेल तर एकेका बाजूनं पुढे-मागे घासलं तरी चालतं: एका बाजूला वीस, दुसऱ्या बाजूला वीस, मग दहा-दहा, पाच-पाच, आणि शेवटी आलटून पालटून एकेक. जोर किती? सुरुवातीला दुसऱ्या हाताचं एक बोट पात्यावर टेकलेलं, बस. पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेलं, पातं फार पातळ असतं, दाबलं की वाकतं. मग कड दगडावर वेगळी बसते आणि सोडल्यावर वेगळी. शेवटचे पंधरा-वीस हात नुसत्या पात्याच्या वजनावर.

पाण्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला धारेच्या पुढे पाण्याची लाट नुसती ढकलली जाते. बेव्हल जुळत आला की तेच पाणी धारेवरून पात्यावर चढायला लागतं, आधी टाचेकडे, मग मधे, सगळ्यात शेवटी टोकाकडे. टोकाशी चढत नसेल तर शेवटी मनगट किंचित वर घ्या. आवाजही बदलतो, खर्र जाऊन सुळसुळ येते.

जुन्या वस्तऱ्यांत टाचेजवळ एक जाड भाग असतो. वर्षानुवर्षं घासून तो दगडावर चढायला लागतो आणि मधली धार उचलली जाते. टाच कापत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा यामुळे येते. तो भाग दगडाच्या बाहेर ठेवा, पातं पंचेचाळीस अंशांत वळवून टाच पुढे ठेवून घासा.

आता परीक्षा. दिव्याखाली धार थेट डोळ्यांसमोर उभी धरा, आपल्याकडे धार करून. खऱ्या धारेला उजेड परावर्तित करायला जागाच नसते, ती काळी रेघ दिसते. कुठे पांढरा ठिपका चमकला तर तिथं उतार भिडलेले नाहीत किंवा कपची उडाली आहे. घड्याळजीचं भिंग असेल तर उत्तम. दुसरी परीक्षा मनगटावरच्या केसांची: पातं कातडीला जवळजवळ टेकवून फिरवा. टाच, मध, टोक, तिन्ही ठिकाणी केस सारखेच उतरले पाहिजेत. एका ठिकाणी उतरले आणि दुसरीकडे वाकले, तर हजारावरच थांबा. नखावर धार टेकवून बघणारे आहेत, अंगठ्याच्या पेरावर बघणारे आहेत. मला नखाची परीक्षा आवडत नाही, आत्ताच केलेली कड विनाकारण नखावर घासायची कशाला.

चांगल्या अवस्थेतल्या पात्याला हे सगळं वीस मिनिटांत होतं, कपची असेल तर दोन तास लागू शकतात. माणूस इथंच कंटाळतो आणि पुढच्या दगडाकडे जातो. मग महिनाभर गाल सोलून घेतो.

पुढचे दगड भराभर

चार-पाच हजारावर हजाराचे ओरखडे जाईपर्यंत, आठ हजारावर त्याचेही जाईपर्यंत. तिरपे हात, पाण्याची पातळ फिल्म, पात्याच्या वजनापलीकडे जोर नाही. दोन दगडांच्या मधे पातं आणि हात धुवा, जाड दगडाचा एक कण बारीक दगडावर गेला तर त्याचा ओरखडा धारेपर्यंत जातो. आठ हजारावर तीस-चाळीस फेऱ्या पुरतात. जास्त घासलं तर फॉइलसारखी नाजूक बर, म्हणजे पोलादाची पातळ झालर, धारेवर उभी राहते. पहिली दाढी झकास होते, दुसऱ्या वेळी ती तुटते आणि वस्तरा मेलेला वाटतो. तसं झालं तर आठ हजारावर पाच-सात अगदी हलके हात, पुरे.

चामोटी

चामोटी, म्हणजे वस्तरा परजायची चामड्याची पट्टी, धार लावत नाही. ती लागलेली धार सरळ करते आणि साफ करते. म्हणून बोथट वस्तरा चामोटीवर शंभर वेळा मारला तरी बोथटच राहतो.

चामडं वनस्पतींच्या सालीत कमावलेलं घ्या. सोफ्याचं किंवा पर्सचं क्रोमवर कमावलेलं मऊ, लवचीक असतं, ते धारेखाली दबतं आणि उसळतं. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं मिळतं. चपला करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून अडीच-तीन इंच रुंद, वीस इंच लांब पट्टी कापून घ्या. जाडी सारखी हवी आणि वरचा पृष्ठभाग बिनसुरकुतीचा. तळव्याचं फार कडक चामडं असेल तर टांगू नका, सरळ पाटीवर चिकटवा. दुसऱ्या पट्टीसाठी जाड सुती कॅनव्हास, पण आधी गरम पाण्यात खळ काढून वाळवलेला. खळ राहिली तर पातं अडतं.

चामड्याला खोबरेल लावायची हौस अनेकांना असते. नको. कोरड्या, स्वच्छ तळहातानं रोज चोळा, तळहाताचं जेवढं तेल लागेल तेवढं बास. काही आठवड्यांत ते गडद आणि तुकतुकीत होतं, मग पातं त्याच्यावर किंचित चिकटल्यासारखं ओढतं. तो ओढाच कामाचा.

आता हात. दगडावर धार पुढे होती, इथं पाठ पुढे आणि धार मागे. हे उलटं झालं की पातं चामड्यात घुसतं. पट्टी खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या कडीला अडकवा आणि दुसरं टोक ताणून धरा, तार ताणल्यासारखी. ती सैल राहिली तर झोळ पडतो, धार झोळात गुंडाळली जाते आणि गोल होते. एका आठवड्यात हजारावरची सगळी मेहनत पाण्यात.

पातं सपाट ठेवा, पाठ टेकवा, मग धार टेकवा, आणि पाठ पुढे ठेवून आपल्यापासून दूर न्या. पट्टीच्या टोकाला हात थांबवा. थांबल्यावर, पाठ चामड्यावरच ठेवून, मान बोटांत फिरवून धार वरून पलटी करा. मग ओढा. चामोटीला पडणाऱ्या जवळजवळ सगळ्या चिरा या वळणावर पडतात, कारण नवशिक्या हात थांबण्याआधी पलटी मारतो. सलूनमधला कारागीर झपाझप मारताना दिसतो, त्याच्यावर जाऊ नका. त्याची पलटी तीन दशकांची आहे. तुम्ही सावकाश मारा, आवाज दोन्ही बाजूंना सारखा येतोय का ऐका. मनगट वळवायचं नाही, बोटांत मान फिरवायची.

दाढीपूर्वी कॅनव्हासवर तीस, चामड्यावर पन्नास-साठ. दाढीनंतर वस्तरा पुसून नुसत्या कापडावर दहा-बारा, म्हणजे धारेच्या खाचेतलं पाणी निघतं. ओला वस्तरा चामड्यावर कधीच नाही.

हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट, अर्ध्या मायक्रॉनची, हवी असेल तर वेगळ्या पाटीवर लावा. रोजच्या चामोटीला नाही. एकदा लागलेली पेस्ट चामड्यातून निघत नाही. पेस्टवर पाच-सहा हात धारेला महिनाभर जगवतात, पण सारखं मारत राहिलं तर कड गोल होत जाते आणि शेवटी दगडाकडेच यावं लागतं.

चामड्याला लहान चीर पडली तर ६०० नंबरच्या पेपरनं कड घासून सपाट करा. खोल गेली असेल तर पट्टी बदला. चिरेवरून जाणारं प्रत्येक पातं तिथं खरचटतं.

दाढी हीच परीक्षा

टांगलेला केस धारेवर टाकून तुटतो का हे बघणं मजेशीर असतं, पण केस जाड-बारीक असतात, धुतलेले-तेलकट असतात. त्यावर विश्वास टाकू नका. गालावर बघा. गरम पाणी, भरपूर फेस, दुसऱ्या हातानं कातडी ताणलेली, पातं गालाशी साधारण तीस अंशांत, केसांच्या दिशेनं. पहिले काही दिवस फक्त दोन्ही गाल. हनुवटी आणि मिशी नेहमीच्या रेझरनं. हट्टानं सगळं एका दिवशी करणाऱ्याची हनुवटी मी बघितली आहे.

सगळीकडे ओढत असेल तर परत हजारावर, शाई लावून. फक्त टोक ओढतं तर तेवढ्याच भागाचा बेव्हल अर्धवट आहे. कापतं छान पण नंतर चुणचुणतं, तर धार कोरी आहे, चामोटीवर आणखी तीस हात मारून बघा. आधी छान होता, हळूहळू ओढायला लागला, तर आठ हजारावर दहा-पंधरा हलक्या फेऱ्या. एकट्या माणसाच्या वस्तऱ्याला हे दोन-तीन महिन्यांतून एकदा लागतं, आणि हजाराचा दगड पुन्हा वर्षानुवर्षं लागत नाही, जर पातं खाली पडलं नाही तर.

पावसाळ्यात पोलादी पातं बाथरूममध्ये ठेवू नका. पुसा, कापडावर मारा, उघडं ठेवून तासभर वाळू द्या, मगच मुठीत बंद करा. शिलाई मशीनचं पातळ तेल कापसावर घेऊन दोन्ही बाजूंना हात फिरवा. खोबरेल चिकट होतं आणि आंबूस वास मारतं. बिजागरीच्या पिनेपाशी एक थेंब जास्त, गंज तिथून सुरू होतो.